जेवत्या माणसाला हाक नाही

मी काळुराम, पेणजवळच्या जोह्याचा. गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. गेल्या साली ऐन कामाच्या दिवसांत माळ्यावरून उतरताना शिडी सरकली आणि माझं मांडीचं हाड मोडलं. बायको म्हणते, शिडी सरकली नाही, तुम्ही कुणावर तरी ओरडत उतरत होता. असेल. माझ्या तोंडाला लगाम नाही हे अख्ख्या जोह्याला ठाऊक आहे. आमच्याच भागातल्या एका सरकारी रुग्णालयात मला टाकलं, पायाला वजन लटकवलं आणि ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत पडून राहा म्हणून सांगितलं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. उगाच कुणाला उचक्या नकोत.

पडल्या पडल्या माणूस करणार काय? बघत राहणार. बघणं हा तर माझा धंदाच. मी बघितल्या त्या तिथल्या सिस्टर, आणि बघून थक्क झालो. सरकारी दवाखान्याला नावं ठेवण्यात मीही कधी मागे राहिलेलो नाही. पण त्या वॉर्डात पडून आल्यापासून कुणी सिस्टर लोकांना बोललं की माझं डोकं फिरतं.

वॉर्ड पुरुषांचा. खाटा भरलेल्या, उरलेले पेशंट खाली गाद्यांवर. एवढ्या पसाऱ्याला दिवसा दोन सिस्टर. मोठ्या त्या मैना सिस्टर, वॉर्डच्या इन्चार्ज, पेणच्या राहणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या. आवाज असा की जिन्यातल्या माणसाने बिडी विझवावी. धाकटी सरू सिस्टर रोह्याहून रोज सकाळच्या गाडीने यायची. ती चालायची कसली, पळायचीच. इंजेक्शन, ड्रेसिंग, सलाईन, रडणाऱ्याची समजूत, भांडणाऱ्याची समजूत, सगळं पळता पळता. संध्याकाळी तिच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठलेले दिसायचे. तरी मागून कुणी "सिस्टर" म्हटलं की वळायची ती हसूनच.

एका दुपारी ती माझी सलाईनची बाटली बदलत होती. बाटली तिने नीट अडकवली, थेंब बघितले, मला म्हणाली, "काका, हात हलवू नका हां," आणि माझ्या खाटेशेजारी कोसळली. म्हणजे बघा, पोरगी पडलीसुद्धा काम पुरं करून. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायकांच्या वॉर्डातून माणसं धावत आली.

मैना सिस्टर आल्या. मला वाटलं आता हिची खरडपट्टी निघणार. पण त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि हळूच विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"आणि पाणी?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्टाफचं संडास बंद पडून जमाना झाला होता. उरलं ते व्हरांड्याच्या टोकाचं, पेशंट आणि त्यांचे नातेवाईक सगळ्यांना मिळून एक. तिथे रांगेत उभं राहायला सिस्टरला फुरसत कुठली? म्हणून ड्युटीवर पाणीच प्यायचं नाही. त्यापायी लघवीला जळजळ, ताप. गोळ्या घ्यायच्या आणि कामावर यायचं. कंबर धरली की एकीने दुसरीला कोपऱ्यात नेऊन इंजेक्शन द्यायचं, झालं.

"आम्ही सगळ्याच तसं करतो, मॅडम," सरू म्हणाली. "तुम्हीपण."

जगाचं दुखणं ओळखणारी माणसं ही, पण स्वतःचं दुखणं अंगावर काढायचं, ही त्यांची जुनी खोड. आमच्यात म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि कीवही आली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या टोकाची मोडक्या खाटांची खोली उघडली. मैना सिस्टरने पदर खोचावा तसा ॲप्रन खोचला आणि हौसामावशीला, म्हणजे आमच्या वॉर्डच्या आयाला घेऊन खोली रिकामी केली. त्या खोलीच्या मागेच ते बंद संडास होतं. त्यासाठी त्या मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले बघतो. त्या म्हणाल्या, बघा, मी उभी आहे. नळवाला आला तेव्हाच त्या तिथून हलल्या. खोलीत दोन खुर्च्या आल्या, पाय वर ठेवायला एक स्टूल, पाण्याचा माठ आणि दाराला आतून कडी.

मग मैना सिस्टरचा कायदा सुरू झाला. एकीने आत बसून जेवायचं, तोवर दुसरीने वॉर्ड सांभाळायचा. उभ्याने घास कोंबायचा नाही. बाहेर येताना पाण्याची बाटली रिकामी दिसली पाहिजे, नाहीतर परत आत. जड पेशंट एकटीने उचलायचा नाही. चादरीत घ्यायचा, चार हात लावायचे, आणि हात कमी पडले तर नातेवाईकांना उठवायचं. "तुमचाच माणूस आहे ना? मग धरा टोक," असं म्हटलं की मिशीवाले बाप्येसुद्धा मुकाट चादर धरायचे. कंबर दुखली तर डॉक्टरला दाखवायची, चोरून इंजेक्शन बंद. थोड्याच दिवसांत सरूच्या तोंडावर तजेला आला. आणि खरं सांगू? सुई टोचतानाचा तिचा हातसुद्धा हलका झाला. ते मला कळणारच, दंड माझा होता.

त्याच सुमारास माझ्या शेजारच्या खाटेवर जनू आला. खारेपाटातला, खाडीकाठचा माणूस. सारा जन्म मिठागरात गेलेला, पायांना मिठाने भेगा पडलेल्या. त्यातलीच एक भेग चिघळली होती, वरून साखरेचा आजार. मैना सिस्टर स्वतः त्याचं ड्रेसिंग करायच्या आणि रोज तोच दम द्यायच्या, "आजोबा, साखरेची गोळी घेतली की जेवायचं. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर चक्कर येऊन पडाल." जनू म्हणायचा, "व्हय गो बाय, जेवतो." आणि त्या जाईपर्यंत मान हलवत राहायचा.

जनूचा मुलगा महिपती डोलवीकडे कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. शिफ्ट सुटली की तसाच जाड बुटांत बापाकडे यायचा. पोरगा वाईट नाही, पण उकळत्या पाण्यासारखा, आणि तो स्वभाव मला लगेच ओळखू येतो. एका दुपारी जनूची सलाईन संपत आली. महिपती सिस्टरला शोधत धावला. मैना सिस्टर पलीकडच्या खाटेवर एका पोराचं रक्त थांबवत होत्या. "आले, एवढं बांधते आणि आले," म्हणाल्या. याला धीर कुठला? तो टोकाच्या खोलीकडे गेला, खिडकीतून डोकावला. आत सरू सिस्टर स्टुलावर पाय ठेवून जेवत होती. याने मोबाइल काढला, फोटो घेतला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "पेशंट वेदनेत, सिस्टर जेवणात!"

तेवढ्यात मैना सिस्टरने येऊन सलाईन बदललीसुद्धा. बाटलीत पाणी शिल्लक होतं, मी डोळ्यांनी बघितलं. पण यमक जुळलं की आमच्याकडे लोकांना ते खरंच वाटतं. फोटो गावागावांत फिरला. कुणीतरी तो वरपर्यंत पोचवला, आणि निरोप आला की चौकशीला अलिबागहून साहेब येणार. तोवर खोलीला कुलूप.

कुलूप लागलं त्या दिवशी वॉर्ड मेल्यासारखा झाला. सगळ्यांना कळलं होतं की आता काय होणार. साहेबांनी तक्रार खरी धरली तर खोली कायमची गेली, मैना सिस्टरची निवृत्तीच्या तोंडावर कुठेतरी लांब बदली, आणि सरू पुन्हा कोरड्या तोंडाने वॉर्डभर पळणार, पुन्हा कधीतरी कुणाच्या खाटेशेजारी पडणार. सरूने त्या दिवशी पाण्याची बाटली उघडलीच नाही. मैना सिस्टरने मात्र तिला सोडलं नाही. पडद्याआड टेबलाच्या कोपऱ्याशी बसवलं आणि म्हणाल्या, "तू जेव. मी आहे वॉर्डात."

"आणि तुम्ही?"

"वॉर्ड माझा, म्हणून तक्रारही माझ्याच नावाने आहे. साहेब येऊन जाईपर्यंत माझ्या तोंडात घास कुणाला दिसायला नको."

बघा, कायदा करणारीच बाई कायद्याबाहेर बसली! मी म्हटलं, "सिस्टर, हे बरं नव्हे." त्या म्हणाल्या, "काळुराम, तुम्ही पाय सांभाळा." त्यांच्यापुढे माझी जीभ चालत नाही, ही एक त्यांची करामत.

पण जनूपुढे माझी जीभ चालली. फोटो कुणी काढला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मी काय पोटात ठेवणार? संध्याकाळी महिपती आला तेव्हा म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाबा, डबा आनलाय."

"तो फोटू तू काढलास?"

"व्हय. मंग काय? तुमची बाटली संपत आलेली, आन ती बाई पाय वर करून..."

"तुझ्या कंपनीत भोंगा झाला का तू जेवायला जातोस?"

"जातो. पन..."

"कोनी फोटू काढतो तुझा?"

म्हातारा कोपरावर उठला. एवढं बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

"तू लहान होतास. उधाणाला खाडीच्या बांधाला भगदाड पडला का घरटी एक मानूस जायचा. कमरेएवढ्या चिखलात उभा रायचा, पान्याला आडवा. पाळी संपली का वर येऊन बांधावर भाकर खायाचा. आन जेवत्या मानसाला हाक मारायची नाय, असा गावचा नेम. भगदाड वाढूदे, पानी शेतात शिरूदे, त्याला हाक नाय. बाकीचे हाईत ना उभे? का, म्हाईत हाय?"

"नाय."

"तुझा केरूकाका. आर्ध्या भाकरीवरनं उठला. घाईत कोनीतरी हाक मारली न् तो गेला. पोटात काय नाय, पाय ठरला नाय पान्यात. दुसऱ्या दिशी गावला, खाडीच्या तोंडाशी. त्या दिसापासनं नेम. ही बाय रोज चिखलात उभी हाय आमच्यासाठी. आन तू तिच्या भाकरीचा फोटू काढलास."

महिपतीने आणलेला डबा बापाच्या उशाशी ठेवला. मग उठला आणि गेला. मी त्याला काही बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत ही नवलाचीच गोष्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळपासून धावपळ. चादरी बदलल्या, फरशी दोनदा पुसली. मैना सिस्टर कडक इस्त्रीच्या कपड्यांत इकडून तिकडे फिरत होत्या. साहेब मात्र येईनात. दुपार झाली, सरूचं जेवण मैना सिस्टरने उरकून घेतलं आणि स्वतः ट्रे घेऊन जनूच्या ड्रेसिंगला आल्या. त्यांनी चिमटा उचलला. तो थरथरत होता.

हात हा माझा विषय आहे. डोळा आखताना हात किती स्थिर लागतो ते मला विचारा. मैना सिस्टरचा हात मी इतके दिवस बघत होतो, तो कधी हलला नव्हता. आता कपाळावर घामही दिसला. मी म्हटलं, "सरू सिस्टर, इकडे या जरा."

सरू आली, एकदा बघितलं आणि तिचा रंग उडाला. "मॅडम, गोळी घेतली सकाळी?"

"घेतली."

"साखरेची गोळी घेतली, आणि जेवण?"

मैना सिस्टर चिमटा सावरत म्हणाल्या, "एवढं ड्रेसिंग झालं की..."

म्हणजे बाईंना स्वतःलाच साखर होती! जनूला रोज दम देणारी बाई कुलूप लागल्यापासून स्वतः गोळी खाऊन उपाशी वॉर्डात फिरत होती. मला इतका राग आला की पायाला वजन नसतं तर मी उठलोच असतो. पण जनूने माझ्याआधी पाय आवळून पोटाशी घेतला.

"मना नाय ड्रेसिंग करायचा," तो म्हणाला.

"आजोबा, हट्ट नको."

"मना रोज सांगतंस, गोळी घेतली का जेव. तुझी गोळी काय येगली हाय? तू जेव, मंगच पाय देतो."

"साहेब येतील आता."

"येऊंदे."

सरूने मैना सिस्टरच्या हातातून ट्रे काढून घेतला. रोह्याची ती शेलाटी पोर, मॅडमपुढे मान वर करून कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "मी आहे वॉर्डात. तुम्ही बसा." आवाज थेट मैना सिस्टरचाच. आधी पाण्यात साखर ढवळून त्यांना पाजली, मग जनूच्या आणि माझ्या खाटेमध्ये खुर्ची ओढली. हौसामावशीने डबा आणून उघडला. तांदळाची भाकर आणि वालाची भाजी. मैना सिस्टर बसल्या. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तेव्हा मला समजलं, ही बाई किती दमली आहे. इतक्या वर्षांची दमणूक खुर्चीत बसल्यावरच दिसली.

वॉर्डात कुणी कुणाला सांगितलं नाही, पण एकही आवाज आला नाही. खाली गादीवरचा एक पेशंट सदानकदा कण्हायचा, तोही गप्प. सरू एकटी पावलं न वाजवता फिरत होती.

आणि तेवढ्यात व्हरांड्यात बुटांचे आवाज आले. मोठे डॉक्टर आणि अलिबागचे साहेब. मी मनात म्हटलं, मेलो. चौकशी कसली, तर सिस्टर ड्युटीवर जेवतात याची. आणि साहेब दारात असताना इन्चार्ज सिस्टर वॉर्डच्या मधोमध डबा उघडून बसलेली.

मैना सिस्टरने हातातली भाकर डब्यात टाकली आणि उठायला खुर्चीचा हात धरला.

दारात महिपती उभा होता. शिफ्टवरून नुकताच आला असावा, अंगावर कंपनीचे कपडे तसेच. त्याने दोन्ही हात चौकटीला लावले.

"बाजूला व्हा," मोठे डॉक्टर म्हणाले. "साहेब आत येतायत."

"येऊंदे की. जरा थांबा पन."

साहेबांनी चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. "आपण कोण?"

"तो फोटो माझाच, साहेब. ग्रुपवर मीच टाकला."

"म्हणजे तक्रार तुमची. मग आम्ही त्यासाठीच आलोय ना? अडवता कशाला?"

महिपतीने चौकटीवरचे हात काढले नाहीत. तो म्हणाला, "त्या जेवतायत, साहेब. त्यांचं होऊंदे. पेशंट कोन बोंबलत नाय, दुसऱ्या सिस्टर हाईत उभ्या. मी चुकलो ते मी लिहून देतो, तुम्ही सांगाल तिथं. पन आता त्यांना उठवू नका."

साहेब आत बघू लागले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, गादीवरचा कण्हणारासुद्धा. मग त्या माणसाने काय करावं? पायातले बूट वाजणार नाहीत असा मागे सरला आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. मोठ्या डॉक्टरांनाही बसावं लागलं.

पुढे चौकशी झाली, कागद झाले, खोलीचं कुलूप निघालं, मैना सिस्टरची बदली झाली नाही, ते सगळं झालं. माझं हाडही जुळलं. पण त्यातलं काही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मैना सिस्टर अजून खुर्चीचा हात धरून अर्ध्या उठलेल्या होत्या. दारातल्या महिपतीच्या पाठीकडे बघत होत्या. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या उशाशी उभं राहून काढलं, त्यांच्यासाठी कुणी दारात उभं राहिलं नसणार. त्यांच्या ओठांचा कोपरा हलायला लागला.

सरू लांबून म्हणाली, "मॅडम, काही घाई नाही."

मैना सिस्टरने डोळे पुसले नाहीत. खाली बसल्या, भाकर हातात घेतली, आणि व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अर्धी भाकर राहिलीय. खाऊन येते."